आवाज ऐकू येण्याआधीची वर्षं

सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि मनातलं काय हे वेगळं करता न येण्याची अवस्था, एका रात्रीत येत नाही. ठळक भास आणि पक्के भ्रम दिसण्याआधी बहुतेक मुलांची घसरण काही महिने, कधी काही वर्षं चालू असते. ती आधी हजेरीत, मित्रांत आणि झोपेत दिसते. अकरावीला कॉलेज बदललं, जुना ग्रुप सुटला, की ती आणखी उघडी पडते, आणि घरात मात्र 'वयच तसं आहे' म्हणून विषय मिटवला जातो.

या टप्प्यातल्या मुलांसाठी १९९४ साली मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅकगॉरी, अ‍ॅलिसन युंग हे मनोविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास दवाखाना सुरू केला. तिथून जोखीम ओळखायचे तीन मार्ग ठरले. एक, सौम्य स्वरूपातले भास किंवा संशय. दोन, आठवड्याच्या आत आपोआप विरलेला भासांचा झटका. तीन, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला सायकोसिस आणि मुलाच्या रोजच्या व्यवहारात मोठी घसरण. पहिला मार्ग सर्वांत जास्त आढळतो, आणि गोंधळही तिथेच होतो. झोप लागता लागता आपल्या नावाची हाक ऐकू येणं अनेकांना होतं, त्यात काही नाही. भर दुपारी मुलगी तिसऱ्यांदा बाहेर येऊन "आई, हाक मारलीस का?" विचारते, तेव्हा थांबून बोलायला हवं. 'तुला काय वाटतं, कोण असेल?' एवढंच विचारा. 'माझ्या मनाचेच खेळ असतील' असं ती म्हणत असेल, तर शंका घेण्याची ताकद शाबूत आहे. ती शंका संपली, खात्री बसली, की उंबरठा ओलांडला जातोय असं समजा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक वही घाला. डाव्या पानावर गेल्या वर्षी याच महिन्यात काय होतं ते, उजव्या पानावर आताचं: आठवड्यात किती दिवस कॉलेज, किती मित्रांशी बोलणं, झोपायची-उठायची वेळ, अंघोळ, जेवण सगळ्यांबरोबर की खोलीत. लहानपणापासून अबोल असलेलं मूल आणि दहावीपर्यंत मैदानावर असून आता दार लावून बसलेलं मूल, यांच्या वह्या अगदी वेगळ्या दिसतात. मत लिहू नका, घटना लिहा. 'विचित्र वागतो' याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. 'मंगळवारी खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं, समोरच्या बिल्डिंगमधून बघतात म्हणाला' याचा आहे. आणि असं काही घडलं, तर वही भरायची वाट बघू नका.

जोखमीच्या गटातल्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही. दवाखान्यात पोचलेल्यांच्या अभ्यासांत तीन वर्षांत साधारण चौथा ते तिसरा हिस्सा त्या दिशेनं गेलेला दिसतो. पण उरलेले सगळे ठणठणीत नसतात. चिंता, नैराश्य, अर्धवट सुटलेलं शिक्षण मागे राहतं. म्हणून उपचार त्यांचेही व्हायला हवेत. कुठल्या आजारावर कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक सूचना सांगते की केवळ जोखीम आहे म्हणून सायकोसिसची औषधं देऊ नयेत. विचार-वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे बोलण्यातून होणारे उपचार) द्यावेत, गरजेप्रमाणे कुटुंबालाही सामील करावं, चिंता-नैराश्यावर त्यांचे त्यांचे उपचार करावेत. घाईनं सुरू केलेल्या गोळ्यांनी वजन वाढतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, हजेरी आणखी बुडते. मग ही घसरणही आजाराच्याच खात्यावर जमा होते.

घरी करायचं ते कंटाळवाणं आहे, पण कामाचं आहे. उठायची वेळ रोज एकच, सुट्टीलाही. गांजा पूर्ण बंद. यात 'कधीतरी चालतं' नाही. अभ्यास कमी करा, कॉलेज सोडवू नका: दोन विषय मागे राहिले तर पुढच्या खेपेला निघतात, पण कॉलेज सुटलं की उरलेले एक-दोन मित्रही जातात. एका वेळी एकच सूचना, टोमण्याशिवाय. आजीला अंगारा लावायचा असेल तर लावू दे, त्यावरून घरात भांडण नको. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

'मरावंसं वाटतं का' हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल, आवाज हुकूम देत असतील किंवा सलग काही रात्री झोपच नसेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा, खासगी किंवा जिल्हा रुग्णालयातले, आणि मुलाला एकटं सोडू नका. कुठे जायचं ते सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.