पित्त

फॉर्मवरचा तो प्रश्न मीच सोपा केला होता. मूळ मजकूर असा: ‘यीस्ट अथवा लसीतील अन्य घटकाची तीव्र ॲलर्जी आहे काय?’ आमच्याकडची एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस यीस्टच्या पेशींत तयार होते, म्हणून हे विचारावंच लागतं. पण तालुक्याच्या गावात यीस्ट कुणाला कळणार? मी लिहिलं, ‘पाव, खारी, टोस्ट खाऊन कधी दम लागला आहे का? अंगावर पित्त उठतं का?’ एका पानात बसेना तेव्हा दुसऱ्या वाक्याचं झालं ‘पित्ताचा त्रास आहे का?’ सोपं मराठी केलं म्हणून डॉक्टरांनी कौतुकही केलं होतं.

शिबिर मुलींच्या शाळेत होतं. खरी भीती ॲलर्जीची नसते, चक्कर येण्याची असते. या वयाच्या मुली सुई बघून कोसळतात आणि एक पडली की रांगच्या रांग हलते. म्हणून मी आधी पोहे खायला लावते, टोचायची जागा पडद्याआड घेते आणि टोचल्यावर अर्धा तास बाकावर बसवते. मुख्याध्यापिकाबाईंना मात्र पडदा नको होता. फोटो काढायचे होते ना! पाहुण्यांची भाषणं लांबली, पोहे गार झाले, अर्ध्या मुली उपाशीच रांगेत आल्या.

माझ्या पेटीत ॲड्रिनलिनच्या, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाच्या तीन अँप्यूल असतात, एक मिलीच्या सिरिंजा आणि इंचभर लांबीच्या सुया. मांडीच्या स्नायूत औषध जायचं तर इन्शुलिनची बुटकी सुई चालत नाही, यावरून मी स्टोअरवाल्याशी दोनदा भांडले आहे. झाकणाच्या आत वयानुसार मात्रांचा कागद चिकटवलाय. दर शिबिराला एक्स्पायरी बघायची आणि पेटी बंद करायची. अकरा वर्षांत एकही अँप्यूल फोडली नव्हती.

ती तेरा वर्षांची होती. टोचून नऊ मिनिटं झाली होती. ‘सिस्टर, घसा आवळतोय,’ म्हणाली आणि दोनदा खोकली.

तिला आडवं केलं, पाय उचलून दप्तरावर ठेवले. साध्या चक्करेत नाडी मंद होते, चेहरा पांढरा पडतो, आडवं केलं की दोन मिनिटांत पोरगी लाजून हसते. हिची नाडी 128. मानेवर, गळ्याखाली लाल चट्टे. उठलेले की नुसते लाल? बोट फिरवलं तरी मला ठरवता येईना. ऑक्सिजन 98. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. ‘घरघर वाटत नाही, घाबरली असेल. थांबू या जरा.’ नवीन डॉक्टर नेहमी थांबू या म्हणतात.

मी तिचा फॉर्म काढला. पित्ताचा त्रास आहे का? ‘हो.’ खाली वडिलांची सही.

अँप्यूल फोडली. 0.3 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. दोन-तीन मिनिटांत तिचे हात थरथरायला लागले, काळीज धडधडतंय म्हणून ती रडायला लागली. ते ॲड्रिनलिनचंच काम, पण समोरच्या बाकांना काय कळणार? चार मुली एकापाठोपाठ खाली बसल्या. 108 आली. ती रात्रभर ग्रामीण रुग्णालयात राहिली, सकाळी ठणठणीत घरी गेली.

तिथल्या व्हरांड्यात तिच्या आईला विचारलं, ‘ताई, हिच्या अंगावर पित्त कधी उठलं होतं?’

‘अंगावर? नाही ओ सिस्टर. सकाळी उपाशी राहिली की आंबट ढेकरा येतात तिला. पित्तच ना ते?’

रुग्णालयात दाखल झाली म्हणजे गंभीर घटना, म्हणून जिल्ह्याला अहवाल गेला. समितीचा निष्कर्ष आला: लसीकरणाच्या ताणामुळे आलेली प्रतिक्रिया. असेलही. ट्रिप्टेज, म्हणजे खऱ्या ॲलर्जीत रक्तात वाढणारा घटक, तपासायला पहिल्या काही तासांत रक्त घेतलं असतं तर थोडा उलगडा झाला असता, पण ती सोय तिथे कुठली? या लसीनंतर खरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, दहा लाख डोसांमागे दोनेक जणींना होते. शंका आली तर ॲड्रिनलिन द्यायचं, उशीर जीव घेतो, हेच मी नव्या पोरींना शिकवते. त्याबद्दल मनात काही नाही. फॉर्मवर ‘नाही’ असतं तर मी डॉक्टरांचं ऐकून थांबले असते का, हे मात्र अजून सांगता येत नाही.

पुढच्या गावात निम्म्या पालकांनी संमती मागे घेतली. मोबाइलवर 2010 सालचं खम्मम फिरत होतं; तेव्हाच्या आंध्रातल्या त्या जिल्ह्यात हीच एचपीव्हीची लस घेतलेल्या काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे नव्हते हे चौकशीत निघालं होतं. पण तिथे पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने संमतीच्या सह्या केल्या होत्या, हेही निघालं होतं. आमच्या सह्या पालकांच्याच होत्या. त्यांनी कशावर सही केली, ते विचारू नका.

तिच्या आईचा दुसऱ्या डोससाठी फोन आला तेव्हा ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नको म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये या वयाला एक डोसही चालेल म्हटलंय, तेही सांगितलं. ‘मग तिला लस बाधली की नाही?’ त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

फॉर्म बदललाय. आता ‘अंगावर गांधी उठतात का?’ असं विचारतो. परवा एक तरुण बाबा तो घेऊन टेबलाशी आले. ‘सिस्टर, हे गांधी म्हणजे?’