किसुमूच्या चामा, एम-पेसाचा एसएमएस आणि आमचं अ‍ॅप

बचत गटांसाठी मोबाइल अ‍ॅप करायचं काम हातात असेल आणि कंपनी खर्च करायला तयार असेल, तर केनिया बघून या. आपल्याकडे भिशी आणि बचत गट, तसे तिकडे 'चामा'. आणि फोनवरून पैसे फिरवायची सवय त्यांना 2007 पासूनची. आपलं यूपीआय आलं 2016 मध्ये. पुण्याहून आम्ही दोघं गेलो, मी डिझाइनवाला आणि सोबत कोड लिहिणारी सहकारी. नैरोबीत थोडं राहिलो, किसुमूत जास्त.

कागदपत्रांचं आधी उरकतो. 2024 पासून व्हिसा गेला, आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची पूर्वपरवानगी) काढायचं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र जवळ नसेल तर परत आल्यावर आपलेच लोक विमानतळावर अडवून विलगीकरणात टाकू शकतात. मुलाखती 'संशोधन' म्हणून घेणार असाल तर नॅकॉस्टी या सरकारी आयोगाचा परवाना लागतो. त्यासाठी तिथली एखादी संस्था सोबत असलेली बरी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून कडक बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात न्या. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे.

उतरल्यावर पहिलं काम सिमकार्ड. पासपोर्ट दाखवून सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिम घ्या आणि त्याच वेळी त्यावर एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची तिची सेवा, सुरू करून घ्या. हे टाळू नका. चहा, टॅक्सी, भाजी, सगळं त्यावर चालतं, आणि स्वतः वापरल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

नैरोबीत लुथुली अ‍ॅव्हेन्यूवर एक चक्कर मारा. फोन आणि इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, गर्दी भरपूर, पाकीट सांभाळा. टेक्नो, आयटेल, इन्फिनिक्स ही नावं जिकडेतिकडे दिसतात. तिन्ही ब्रँड ट्रान्शन या एकाच चिनी कंपनीचे. त्यातला सगळ्यात स्वस्त स्मार्टफोन विकत घ्या आणि आपलं अ‍ॅप त्यावर टाका. नेटही तिथले लोक घेतात तसंच घ्या, एका दिवसाचं किंवा तासाभराचं. आपलं अ‍ॅप उघडताना तासाचा पॅक किती खातं हे दिसलं की टीममधले बरेच वाद आपोआप मिटतात. आमच्या सुरुवातीच्या फिरत्या चित्राला माझ्या सहकारीने तिथल्या फुटपाथवरच कात्री लावली.

आता एम-पेसाबद्दल, कारण खरी शिकवणी तिथेच. 2005 साली याची चाचणी झाली ती लहान कर्जांचे हप्ते फोनवरून भरण्यासाठी. लोकांनी मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरलं. कंपनीने हे हेरलं आणि मार्च 2007 मध्ये 'घरी पैसे पाठवा' एवढ्याच गोष्टीवर सेवा बाजारात आणली. डिझाइन म्हणाल तर सिमकार्डातच बसवलेला साध्या ओळींचा मेनू: पैसे पाठवा, पैसे काढा, एअरटाइम (टॉकटाइम) घ्या. नंबर, रक्कम, पिन, संपलं. बटणांच्या फोनवरही चालतो, नेट लागत नाही. स्मार्टफोनचं अ‍ॅप पुढे आलं, पण ते हाताशी असूनही जुनाच मेनू उघडणारी माणसं आम्हाला सारखी भेटली.

हा मेनू मला फार हुशार वाटला नाही. हुशारी आहे ती व्यवहारानंतर येणाऱ्या एसएमएसमध्ये. सुरुवातीला व्यवहाराचा कोड, मग किती पैसे, कुणाला, त्याचं नाव, तारीख-वेळ, उरलेली शिल्लक, कापलेलं शुल्क. पावती, पासबुक आणि पुरावा एकाच मेसेजात. चुकीचा नंबर पडू नये म्हणून पाठवताना समोरच्याचं नाव दाखवतात आणि रद्द करायला काही सेकंद देतात. तरी चुकलंच, तर तोच मेसेज 456 वर पुढे पाठवून दाद मागता येते.

नैरोबीहून किसुमूला विमानाने तासाभराचा रस्ता, बसने जवळजवळ अख्खा दिवस. जाताना बसनेच जा. केरिचोचे चहाचे मळे बघण्यासारखे आहेत. किसुमू व्हिक्टोरिया सरोवरावर, लुओ लोकांचा मुलूख. 1901 मध्ये रेल्वे इथवर आली, तिच्या मागोमाग गुजराती-पंजाबी दुकानदार आले, त्यामुळे शाकाहारींचे हाल होत नाहीत. तसंही चपाती आणि राजमा कुठेही मिळतो. बायकांना 'मामा' म्हणून हाक मारतात, दचकू नका.

तिथल्या एका चामाच्या बैठकीला आम्हाला बसू दिलं. बाजारात भाजी आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायका. खजिनदार बाईंकडे रेघांची वही होतीच, पण हिशेब खरा चालतो तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. कसा, ते नीट सांगतो. ग्रुपवर सगळ्यांच्या नावांची एक क्रमवार यादी असते. जिने पैसे भरले ती आधी आपला एम-पेसाचा मेसेज जसाच्या तसा ग्रुपवर टाकते. मग शेवटची यादी कॉपी करते, स्वतःच्या नावापुढे रक्कम आणि हिरवी टिकली (बरोबरची खूण) लावते, आणि पुन्हा पोस्ट करते. टिकली नसलेली नावं सगळ्यांना दिसतात. कुणी कुणाला बोलत नाही, पण संध्याकाळपर्यंत टिकल्या पडत जातात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची टिकली शेजारीण लावते, मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच.

आमच्या अ‍ॅपच्या प्रोटोटाइपमध्ये (कच्च्या नमुन्यात) खजिनदारांसाठी एक रंगीत आलेख होता, कोणी किती भरले याचा. बाईंनी तो बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "सगळ्यांना मेसेज जातो का?" नाही म्हटल्यावर फोन परत माझ्या हातात. पुढे महाराष्ट्रातल्या गटांसाठी आम्ही आधी बांधलं ते हेच: भरणा झाला की प्रत्येक सदस्येला साधा मेसेज, आणि ग्रुपवर टाकता येईल अशी यादी. आलेख अजून रांगेत आहे.

असंच आणखी एक. केनियात बऱ्याच घरांत विजेचे प्रीपेड मीटर आहेत. एम-पेसावर पैसे भरले की एसएमएसने 20 आकडी टोकन येतं आणि ते मीटरच्या बटणांवर दाबायचं असतं. आम्ही ज्यांच्याकडे चहाला गेलो त्या आजी मेसेज वाचून दाखवत होत्या आणि नातू स्टुलावर उभा राहून बटणं दाबत होता. आकडे चार-चारच्या गटात छापलेले. चार आकडे, नातवाचं 'हं', पुढचे चार. ती मधली रेघ तिथे नसती तर आजींनी जागा कुठे धरली असती? अशा गोष्टी मुलाखतीत कुणी सांगत नाही. म्हणून बोलावलं तर घरी जाच.

वेळेचं एक ध्यानात ठेवा. स्वाहिली या तिथल्या भाषेत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे तिकडे 'एक', आठ म्हणजे 'दोन'. फोनचं घड्याळ आपल्यासारखंच असतं, बोलण्यातलं वेगळं. भेट ठरवताना फोनवरचा आकडा दाखवून पक्कं करा. आवाजी आठवण देणारं अ‍ॅप करत असाल तर हे पहिल्या दिवसापासून डोक्यात हवं.

भाषेवर फार वेळ घालवू नका. आम्हाला भेटलेल्या बहुतेकांनी मेनू इंग्रजीत ठेवला होता आणि बोलत होते लुओत. फोटो आणि रेकॉर्डिंगसाठी मात्र स्पष्ट परवानगी घ्या. त्यांचा डेटा संरक्षण कायदा 2019 चा आहे. शिवाय लोकांच्या मेसेजमध्ये शिल्लक दिसते, तो भाग झाकूनच फोटो काढा.

वेळ दिल्याबद्दल मानधन एम-पेसावर द्या, आणि पैसे काढायला लागणारं शुल्क वरून घाला, नाहीतर ते त्यांच्याच खिशातून जातं. निघायच्या आदल्या दिवशी हिरव्या पाटीच्या एजंटकडे जाऊन उरलेली शिल्लक काढून घ्या. पासपोर्ट लागेल, तिथल्या वहीत सही करावी लागेल. संध्याकाळी उशिरा गेलात तर एजंटकडेच रोकड संपलेली असू शकते, तेव्हा दुपारीच जा.