त्रिरश्मीवरची नावे

नाशिकच्या पांडवलेण्यांत मी शिल्पांपेक्षा शिलालेखांतील नावांपाशी अधिक रेंगाळतो. पांडवांशी या लेण्यांचा संबंध लोकस्मृतीने जोडला. लेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातील गौतमी बलश्रीने नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी कोरविलेला प्राकृत लेख आहे. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव आहे, आणि मुलगा व नातू दोघेही आपापल्या मातेच्या गोत्रनामाने ओळखले जातात. राज्य मात्र पित्याकडून पुत्राकडे जात असे, त्यामुळे एवढ्यावरून त्या समाजाला मातृसत्ताक म्हणणे मला घाईचे वाटते. मातेच्या कुळाला मोठी प्रतिष्ठा होती, इतके निश्चित.

दहाव्या लेण्यातील नावे मला त्याहून बोलकी वाटतात. क्षत्रप, म्हणजे प्रांताचा शासक, नहपान हा मध्य आशियातून आलेल्या शकांपैकी होता आणि त्याचे नाव इराणी वळणाचे आहे, परंतु त्याच्या मुलीचे नाव दक्षमित्रा, तर जावयाचे उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. परक्या मुलखातून आलेले घराणे इथल्या भाषेत किती लवकर मुरले, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

गावाच्या नावावर तर सत्तेचाही हात फिरला. मोगलांनी नाशिकला गुलशनाबाद केले, पुढे पेशवाईत जुने नाव परत आले. लेखांत येणारे गोवर्धन हे नाव मात्र शहराच्या पश्चिमेकडील एका गावाला आजही आहे.