आमची वाटचाल: सांधा दिसतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे

फोटो जोडून पॅनोरमा करणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहायला घेतले तेव्हा या कामाचा पाया घातलेला होता. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ मध्ये ‘पॅनोरमा टूल्स’ तयार केले. लेन्समुळे सरळ रेघांना येणारी वक्रता सांगणारे त्यांचे ए, बी, सी हे तीन गुणांक आजही या धंद्यात रोजच्या बोलण्यात असतात. बर्ट आणि एडल्सन यांची ब्लेंडिंगची, म्हणजे फोटो एकमेकांत मिसळून सांधा लपवण्याची, पद्धत तर १९८३ची आहे. तिच्यात फोटोचे जाडेभरडे आणि बारीक असे थर वेगळे करतात. आभाळाचा रंग शेकडो पिक्सेलांच्या पट्ट्यात हळूहळू मिसळतो आणि पानांच्या कडा मात्र चार-दोन पिक्सेलांतच बदलतात.

पहिल्या आवृत्तीत आमचा सगळा भर या ब्लेंडिंगवर होता. सांधा दिसू नये, एवढेच ध्येय होते. आभाळ, डोंगर, मैदान यांचे पॅनोरमा त्यात सुरेख आले. खोल्यांच्या आतले आणि जिन्यांचे फोटो येऊ लागले तेव्हा मर्यादा कळली. कठड्याचा गज सांध्यापाशी तुटायचा किंवा एकाचे दोन दिसायचे. रंग अगदी जुळलेले असायचे, पण गज जागेवर नसायचा. ती चूक ब्लेंडिंगची नव्हतीच. फोटो काढताना कॅमेरा चुकीच्या बिंदूभोवती फिरला होता.

किती चुकीच्या, ते आकड्यांत पाहावे. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा), ६००० × ४००० पिक्सेलांचा कॅमेरा उभा धरला आणि २४ मिमी लेन्स लावली तर आडवा कोन सुमारे ५३° मिळतो. दर ३६°ला एक असे दहा फोटो काढले की शेजारच्या दोन फोटोंत १७°चा, म्हणजे जवळपास एक-तृतीयांश ओव्हरलॅप राहतो. लेन्सच्या प्रवेश-छिद्राचे (समोरून पाहताना लेन्सच्या आत दिसणाऱ्या छिद्राचे) केंद्र फिरण्याच्या अक्षापासून फक्त १ सेमी पुढे असले, तर दोन फोटोंदरम्यान ते सुमारे ६ मिमी सरकते. दूरच्या भिंतीच्या तुलनेत १ मीटरवरचा गज त्यामुळे साधारण २५ पिक्सेल हलतो. हीच वस्तू १० मीटरवर असती तर फरक अडीच पिक्सेलांचा राहिला असता आणि कोणाच्या लक्षातही आला नसता. डोंगर जुळतात आणि खोली जुळत नाही, याचे कारण हे आहे.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीपासून आम्ही दिशा बदलली: चूक झाकण्याआधी ती दाखवायची. प्रत्येक कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंत दिसणारी एकच जागा) किती पिक्सेलांनी चुकतो हे आमचा प्रोग्राम फोटोवरच रंगाने दाखवतो. दूरचे बिंदू हिरवे आणि फक्त जवळचे लाल असतील, तर दोष ट्रायपॉडच्या हेडवर शोधायचा. तो दुरुस्त करायला दोन उभ्या रेघा पुरतात, एक मीटरभरावर आणि दुसरी शक्य तितकी लांब. कॅमेरा उजवीकडे फिरवल्यावर जवळची रेघ दूरच्या रेघेच्या तुलनेत डावीकडे सरकली तर कॅमेरा हेडच्या रेलवर (सरकत्या पट्टीवर) मागे घ्यायचा, उजवीकडे सरकली तर पुढे. झूम लेन्समध्ये ही जागा फोकल लेंग्थबरोबर बदलते. तेव्हा प्रत्येक मापाची खूण रेलवर वेगळी करावी, आणि झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावून ती हलू देऊ नये.

ऑप्टिमायझरने, म्हणजे बिंदूंची चूक कमीत कमी होईल अशी मापे शोधणाऱ्या भागाने, आम्हाला सर्वांत जास्त दमवले. सगळी मापे एकदम मोकळी सोडली की सरासरी चूक मस्त कमी होते, आणि क्षितिज मात्र लाटेसारखे वळते. बिंदू अरुंद पट्ट्यात गोळा झालेले असले की दृश्यकोन आणि वक्रतेचे गुणांक एकमेकांची चूक सांभाळून घेतात, त्यामुळे आकडा फसवतो. आता आमचा प्रोग्राम क्रमाने जातो. आधी फक्त दिशा, कल आणि तिरकेपणा, मग दृश्यकोन, मग एकटा बी. ए आणि सी मोकळे होतात ते बिंदू फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत पोचले असतील तरच. फोटोंचा ३६०°चा फेरा पूर्ण असेल तर दृश्यकोन पक्का मिळतो, कारण शेवटचा फोटो पहिल्याला जाऊन भिडलाच पाहिजे. अर्धवट पॅनोरमात हा आधार नसतो. प्रत्येक जोडीत दहा-बारा बिंदू पुरेत, पण ते वरपासून खालपर्यंत पसरलेले हवेत. ढग, पाणी आणि हलती पाने यांवरचे बिंदू बेलाशक काढून टाकावेत.

बिंदू आपोआप शोधण्यासाठी डेव्हिड लो यांची ‘सिफ्ट’ पद्धत उत्तम होती, पण तिच्यावर पेटंट होते. आमच्यासारख्या लहान फर्मने म्हणून ‘ऑर्ब’ हे दुसरे तंत्र वापरले. ते वेगवान आहे, पण फिशआय (अतिशय रुंद कोनाच्या) लेन्सच्या फोटोंच्या कडेला, जिथे आकार फार ताणले जातात, तिथे कमी पडायचे. मार्च २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली, त्याच वर्षी ओपनसीव्ही या मुक्त प्रोग्राम-संग्रहाच्या मुख्य भागात सिफ्ट आले, आणि आम्हीही बदल केला. एकसारख्या खिडक्यांची रांग किंवा चौकोनी फरशी आली की सिफ्टही फसते. तिथे हाताने बिंदू देण्याला आजही पर्याय नाही.

फाइलच्या आकारावरही बराच वेळ गेला. वर सांगितलेल्या कॅमेऱ्याने आणि लेन्सने पूर्ण गोल केला तर रुंदी सुमारे २५,१०० पिक्सेल आणि उंची तिच्या निम्मी येते. १६ बिटमध्ये, पारदर्शकतेच्या चॅनेलसकट, ते अडीच जीबी झाले. साध्या टिफ फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. पूर्ण आकाराचे दोन लेयर आकुंचन न करता ठेवले तरी ती ओलांडली जाते, म्हणून लेयर हवे असतील तर प्रोग्राम आपणहून बिगटिफ हा मोठ्या फाइलींसाठीचा प्रकार निवडतो. जेपेगची बाजू ६५,५३५ पिक्सेलांपलीकडे जात नाही, आणि याच कॅमेऱ्यावर ६५ मिमी लेन्सने ती मर्यादा पार होते. हे प्रोग्राम आता रेंडर (अंतिम चित्र तयार करणे) सुरू होण्याआधी सांगतो. पूर्वी तासभर थांबल्यावर कळायचे.

एक बदल दिसायला लहान आहे, पण आमच्या मनाजोगता झाला आहे. ३६०° चित्राची डावी आणि उजवी कड एकमेकांशी ब्लेंड केली नाही तर तिथे उभी रेघ उमटते. प्रेक्षकाची नजर समोर उघडते आणि ती रेघ बरोबर पाठीमागे असते, त्यामुळे तपासताना हमखास निसटते. आमचा प्रीव्ह्यू आता १८०° वळूनच उघडतो.