येताना गुंगीचं देऊन आणू का?

अपॉइंटमेंटची वेळ ठरली की फोन ठेवता ठेवता लोक आवाज जरा खाली आणून विचारतात, "डॉक्टर, येताना काहीतरी गुंगीचं देऊन आणू का? मागच्या वेळी फार तमाशा झाला होता." मी पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही आणि बाहेर पेशंट खोळंबलेले असताना फोनवर व्याख्यान देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सवडीने लिहिते.

आधी घरातल्या गोळ्यांचं सांगते. आजोबांची झोपेची गोळी, सर्दीवरची एव्हिल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिवाळीत दिलेलं आणि उरलेलं औषध, यातलं काहीही देऊ नका. डायझेपामच्या गोळीने काही मांजरांचं यकृत निकामी होतं आणि ते कुणाचं होईल हे आधी कळत नाही. शिवाय गुंगी आली म्हणजे भीती गेली असं नसतं. दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरात असलेलं एसप्रोमॅझीन हेच करतं. अंग ढिलं पडतं, पाय लटपटतात, पण आत सगळं जागं असतं, उलट आवाजाला जनावर जास्तच दचकतं. काही गोळ्यांनी तर जनावराची असलेली भीडही सुटते आणि एरवी नुसतं गुरगुरणारं कुत्रं थेट चावतं.

पण डॉक्टरने जनावर बघून दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट. मांजरांना आम्ही बहुतेकदा गॅबापेंटिन देतो, घरातून निघण्याआधी दोन-तीन तास. कुत्र्यांना ट्रॅझोडोन. मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वजन आणि मूत्रपिंडाची तब्येत बघितल्याशिवाय ती ठरत नाही. पहिला डोस दवाखान्याच्या दिवशी न देता एखाद्या रविवारी घरीच देऊन बघायचा, म्हणजे किती पेंगतं, किती डुलतं याचा अंदाज येतो. माणसांचं पातळ औषध परस्पर आणू नका. त्यात गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं आणि कुत्र्यांना ते विषासारखं बाधतं. आणि हे लाडावलेल्या मालकांचे चोचले आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: मांजरांना प्रवासाची आणि दवाखान्याची वाटणारी भीती कमी करण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३मध्ये प्रीगॅबालिनच्या एका औषधाला खास मंजुरी दिली आहे.

आता एवढा खटाटोप कशासाठी, तर भेदरलेल्या जनावराचं निदान नीट होत नाही. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर दोनशे-तीनशेच्या घरात सहज जाते. मधुमेह नसतो, पण कागदावर दिसतो. मग फ्रुक्टोसामीनची तपासणी करून मागच्या आठवड्यांत साखर खरोखर किती होती ते बघावं लागतं. रक्तदाब चढतो, ताप नसताना पारा वर जातो, छातीचे ठोके इतके धडधडतात की हृदयात दोष असल्याचा मधला बारीकसा आवाज ऐकूच येत नाही. आणि लंगडणं! आठवडाभर घरात तीन पायांवर चालणारं कुत्रं माझ्या दारात आलं की चारही पाय टेकून ऐटीत उभं राहतं. मालक खजील. "डॉक्टर, खरंच हो, सकाळपर्यंत लंगडत होता." खोटं कुणीच बोलत नसतं. भीतीच्या भरात दुखणं मागे पडतं, एवढंच. म्हणून येण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. चालताना, जिना उतरताना, खोकताना, खाताना. तेवढ्या चित्रफितीने कधीकधी माझी अर्धी तपासणी होते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'शांत' जनावरांच्या बाबतीत. धष्टपुष्ट लॅब्रेडॉर स्टीलच्या टेबलावर चढवला आहे, तो हूं की चूं करत नाही आणि मालक कौतुकाने म्हणतात, "बघा, किती गुणी आहे." मी बघते ते असं: नखं टेबलावर रोवलेली, पंजे घामाने ओले झाल्याने खाली उमटलेले ठसे, मान वळलेली पण डोळे माझ्याकडे, त्यांचे पांढरे कोपरे दिसताहेत. मध्येच जांभई, मध्येच नाकावरून जीभ. टेबलावर केसांचा सडा. एरवी बिस्किटासाठी जीव टाकणारा, पण नाकासमोर धरलेल्या चिकनकडे बघत नाही. हा गुणी नाही, थिजला आहे. एक-दोनदा असाच थिजेल, तिसऱ्यांदा सुई दिसताच वळून हात पकडेल आणि घरचे म्हणतील, "अचानक काय झालं कळेना." मांजर तर थिजण्यात कुत्र्याच्या पुढे. अंग चोरून, शेपूट पोटाशी गुंडाळून, कान आडवे आणि बुबुळं वाटाण्याएवढी करून बसलं की लोकांना वाटतं, आज मूड बरा दिसतोय.

गुरगुरण्यावरून तर मी मालकांना जवळजवळ रागावतेच. कुत्रं गुरगुरलं की फटकन चापट बसते. "टॉमी! डॉक्टरमावशी आहेत ना!" अहो, तो बिचारा सांगतोय की पुढे येऊ नका. हे सांगणं मारून बंद केलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. गुरगुरू द्या. मी थांबते, अर्धं पाऊल मागे सरते, पाठ वळवून बसते, वाटल्यास मुसकं घालतो. मुसक्याची लाज वाटायचं काही कारण नाही, फक्त त्याची ओळख घरी करून द्या. जाळीच्या, पिंजऱ्यासारख्या मुसक्यात आतून थोडं चीज लावलं की कुत्रं आपणहून तोंड घालतं आणि त्यातून त्याला धापही टाकता येते, खाऊही खाता येतो. कापडी पट्टीने तोंड आवळून वीस मिनिटं ठेवणं, तेही एप्रिलच्या उन्हात, धोक्याचं असतं.

मांजरवाल्यांनी बास्केटकडे लक्ष द्यावं. बहुतेक घरांत ती माळ्यावर असते आणि वर्षातून एकदा, लशीच्या दिवशी, धूळ झटकून खाली येते. ती खाली आली की मांजर पलंगाखाली जातं. मग झाडू, ओढाओढ, ओरबाडे, आणि "डॉक्टर, आज नाही जमत, पुढच्या शनिवारी येतो." बास्केट हॉलमध्येच राहू द्या, दार उघडं, आत मांजर ज्यावर झोपतं ते जुनं गोधडीचं पटकुर. रोजचा खाऊ आधी तिच्या शेजारी, मग उंबऱ्यावर, मग आत. काही मांजरं दोन दिवसांत आत झोपायला लागतात, काही नखरेल बोके दोन महिने लावतात. घाई करून उपयोग नाही. नवी घेणार असाल तर वरून उघडणारी, किंवा वरचा अर्धा भाग सुटा होणारी प्लास्टिकची घ्या. मला झाकण काढून खालच्या अर्ध्या भागातच मांजर तपासता येतं. ते आपल्या पटकुरावर बसून राहतं, वर टॉवेल, मी टॉवेलखालून हात घालते. ओढून बाहेर काढायची वेळच येत नाही. फेलिवे नावाचा फवारा मिळतो, मांजरं गाल घासून जी ओळखीची खूण सोडतात तिची ती नक्कल असते. तो मारायचा असेल तर निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी, त्यातला अल्कोहोलचा वास उडून जाऊ द्या. भाजीच्या पिशवीत चेन लावून मात्र मांजर आणू नका. सिग्नलला एका हॉर्नसरशी पिशवीतून उडी मारून कर्वे रस्त्यावर पसार झालेली मांजरं शोधायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

रिक्षात बास्केट मांडीवर, खालून दोन्ही हातांनी धरून, सपाट. हँडलला लोंबकळत नेली की आतलं मांजर प्रत्येक पावलाला घसरतं. गाडी असेल तर पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी बास्केट छान बसते. वर ओढणी टाका. निघताना पोटभर खायला घालू नका, थोडी भूक असली की माझा खाऊ चालतो, शिवाय गाडीत ओकारीही होत नाही. मात्र साखरेचं इन्सुलिन चालू असेल किंवा पिल्लू अगदी लहान असेल तर उपाशी ठेवण्याआधी विचारा.

दवाखान्यात आल्यावर बास्केट जमिनीवर ठेवू नका, तिथे कुत्र्यांची नाकं असतात. बाकावर ठेवा, तोंड भिंतीकडे. कुत्रं बुजरं असेल तर आत येऊन बसायचीही गरज नाही. नाव सांगा, बाहेर झाडाखाली फिरवत राहा, नंबर आला की फोन करतो. दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नसते, ती वेळ मागून घ्या. शनिवारची संध्याकाळ आणि गणपतीतले ढोल-ताशांचे दिवस शक्यतो टाळा.

आमची विद्या गुराढोरांवर वाढली. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं, गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत आजही अंगणात जनावर अडकवून उभं करायचा लोखंडी खोडा असतो आणि बैलासाठी तो योग्यच आहे. पाचशे किलोचं जनावर खोड्याशिवाय तपासणं म्हणजे आत्महत्या. पण तोच हिशोब टेबलावर आला: चौघांनी धरा, पाचव्याने टोचा, संपलं काम. मांजराचं मानगूट आवळून टेबलावर आडवं पाडणं ही कित्येक वर्षं सगळीकडे शिकवलेली पद्धत होती. ती मोडण्यात अमेरिकेतल्या डॉ. सोफिया यिन यांचा वाटा मोठा. कमी ताण देऊन हाताळायचं कसं हे त्यांनी पशुवैद्यांना पद्धतशीर शिकवलं. २०१४मध्ये त्या गेल्या. २०१२पासून मांजरस्नेही दवाखान्यांना मान्यता देण्याची आंतरराष्ट्रीय योजनाही आहे. पण भिंतीवर प्रमाणपत्र आहे का, हे मी दुसऱ्यांदा बघेन. आधी हे बघेन की टेबलावर रबरी चटई आहे का, की घसरतं स्टील. मोठ्या कुत्र्याला खाली जमिनीवर तपासतात का. डॉक्टर आल्या आल्या हात घालतात, की तुमच्याशी बोलत कुत्र्याला खोली हुंगू देतात. थर्मामीटर शेवटी येतो का. आणि "तुम्ही बाहेर थांबा, आम्ही मागे नेऊन करून आणतो" असं कारण न सांगता म्हणतात का. कधी मागे न्यावं लागतं, मालकाच्या घाबरण्याने कुत्रं जास्त बिथरतं, हे खरं. पण कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

अशा तपासणीला वेळ लागतो. पाच मिनिटांच्या लशीला वीस मिनिटं लागली की मागचे लोक घड्याळ बघतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे मी कधी कधी काम पुरं न करताच परत पाठवते. नखं कापायला आणलेलं कुत्रं थरथरत असेल तर म्हणते, आज राहू द्या, दोनच नखं कापली, पुढच्या आठवड्यात या. "एवढ्या लांबून आलो, धरून करून टाका ना" हे वाक्य ठरलेलं. नखं थांबू शकतात, वार्षिक तपासणी आठवडाभर थांबू शकते. धरून केलेल्या एका दिवसाची फेड पुढची दहा वर्षं करावी लागते, आणि ती मलाच नाही, तुम्हालाही.

थांबू न शकणाऱ्या गोष्टी वेगळ्या. बोका वारंवार मातीत बसतो आणि लघवीचा थेंब येत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आणि कोरड्या ओकाऱ्या येताहेत, श्वास लागला आहे, साप चावला आहे. अशा वेळी बास्केटची सवय, फवारा, दुपारची वेळ सगळं बाजूला. निघा, वाटेतून फोन करा. तिथे आम्ही गरज पडली तर सरळ इंजेक्शनने गुंगी देतो, आणि ते झटापटीपेक्षा कितीतरी बरं.

पिल्लू आणलं असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंतचे दिवस जग ओळखून घ्यायचे असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लशींच्या फेऱ्या होतात. सहा-आठ आठवड्यांला पहिली, पुढे पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. म्हणजे सुई टोचणारी बाई ही त्याच्या जगाची पहिली ओळख होते. मधे एखाद्या दिवशी उगाच या. कडेवर घेऊन, कारण लशी पुऱ्या व्हायच्या आहेत. वजन करा, माझ्या हातून उकडलेल्या चिकनचा तुकडा खाऊ द्या, आणि घरी जा. याचे पैसे मी घेत नाही. तरी फार थोडे लोक येतात.

"मग तुम्हीच घरी या की" असंही विचारतात. काही म्हाताऱ्या, जड कुत्र्यांसाठी मी जाते. पण ज्या मांजराची सगळी भिस्त घरावर आहे, त्याला त्याच्याच पलंगाखालून काढून टोचायचं म्हणजे त्याची एकमेव सुरक्षित जागा काढून घ्यायची. शिवाय रक्त, सोनोग्राफी, एक्स-रे यांसाठी शेवटी दवाखाना गाठावाच लागतो.

घरी दोन मांजरं असतील तर परत आल्यावरचा प्रकार माहीत असू द्या. दवाखान्यातून आलेल्या मांजराला स्पिरिटचा आणि परक्या कुत्र्यांचा वास असतो. घरात थांबलेली सख्खी बहीण त्याला ओळखत नाही, फिस्कारते, अंगावर जाते. लोक घाबरून मला फोन करतात की चुकीचं औषध दिलंत का. आलेल्याला काही तास, लागलं तर रात्रभर, वेगळ्या खोलीत ठेवा. घरच्या पांघरुणाने त्याचं अंग पुसा, म्हणजे वास सारखा होतो. जेवणाच्या वाट्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवा, आणि दोघं दाराशी निवांत खायला लागली की मगच दार उघडा.