27 अंश

वॉर्डचे आराखडे काढायला शनिवारी दुपारी कॉम्प्युटरवर लावलेला रन रविवारी संध्याकाळी संपला होता. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले आणि बॅग खांद्यावरच ठेवून स्क्रीनसमोर बसले. समोर 41 आराखडे होते आणि जवळजवळ सगळ्यांत एकच गोष्ट दिसत होती. पश्चिमेच्या खोल्या सरळ ओळीत उभ्या नव्हत्या. करवतीच्या दात्यांसारखी प्रत्येक खोली उत्तरेकडे वळलेली होती, 25 ते 29 अंशांत.

काम होतं रुग्णालयाच्या 24 खाटांच्या एकमजली वॉर्डचं. एका खोलीत एक खाट. आम्ही स्क्रिप्टच्या, म्हणजे आराखडे आपोआप काढणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात 17 आकडे दिले होते: खोल्यांचा प्रत्येक गट किती वळवायचा, खिडकी किती रुंद, छज्जा किती पुढे, नर्सिंग स्टेशन कुठे, असे. मोजायच्या गोष्टी चार होत्या. एका पाळीत परिचारिकेला किती चालावं लागतं. वर्षातल्या वापराच्या निम्म्या तासांत तरी खोलीत 300 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो का. 1,000 लक्सच्या वरचं थेट ऊन वर्षात 250 तासांपेक्षा जास्त पडत नाही ना. आणि स्टेशनवर बसलेल्या परिचारिकेला किती खाटांची उशी दिसते.

या चारही गोष्टी एकमेकींच्या वाटेत येतात, म्हणून एकच 'सर्वोत्तम' आराखडा निघत नाही. आम्ही वापरला तो अल्गोरिदम एनएसजीए-2, कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेला. एका पिढीत 50 आराखडे. ज्याला दुसरा कुठलाही आराखडा सगळ्या बाजूंनी मागे टाकू शकत नाही, तो तगतो. तगलेल्यांचे आकडे एकमेकांत मिसळून पुढची पिढी तयार होते. अशा 100 पिढ्या, म्हणजे 5,000 आराखडे. प्रत्येकाच्या हिशोबाला वीसेक सेकंद, म्हणजे सलग 28 तास.

एकदा असं उत्तर आलं असतं तर मी शंका घेतली असती. पण वेगवेगळ्या सुरुवातींपासून केलेला हा तिसरा रन होता आणि तिन्ही वेळा तोच कल आला होता. सरांना तर दात्यांची ती भिंत बघताक्षणी आवडली. मलाही आवडली, हे खरं सांगते. कारणही पटण्यासारखं होतं: मावळतीचं सूर्यबिंब खाली असतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही, म्हणून खिडक्यांनी तोंड फिरवलं. आपल्याला सुचलं नसतं ते यंत्राने शोधलं, असं मी त्या सकाळी दोघांना तरी बोलून दाखवलं.

अकरा वाजता रुग्णालयाची माणसं आली. त्यांच्यात वॉर्डच्या मुख्य परिचारिका होत्या. त्याच आवारातल्या जुन्या इमारतीत त्यांची वीस वर्षं गेली होती, आणि नवा वॉर्ड त्या इमारतीला समांतर, त्याच बाजूला तोंड करून येणार होता. त्यांनी प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, या खोल्या अशा तिरक्या का?"

मी सूर्याच्या मार्गाचा आलेख पुढे केला. हे मावळतीचं ऊन, ते असं सरळ खिडकीत येतं, त्याला चुकवायला खोली वळवली. त्यांनी तो कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पण ऊन असं येतच नाही. आमच्याकडे संध्याकाळी ते समोरून येत नाही, उजव्या कोपऱ्याने तिरकं आत शिरतं. तुम्ही खोल्या बरोबर त्या कोपऱ्याकडेच वळवल्यात."

मी म्हटलं, "सिस्टर, एकदा तपासून सांगते." आवाज शांत होता, पण पोटात गोळा आला होता.

बैठक संपल्यावर सर्व्हेची मूळ फाइल उघडली. उत्तरेचा बाण वेगळ्या लेयरवर, म्हणजे नकाशाच्या वेगळ्या थरावर होता. इमारत कागदावर सरळ बसावी म्हणून नकाशा फिरवताना तो लेयर बंद होता, त्यामुळे बाण जागच्या जागी राहिला. उन्हाचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रामला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो कागदाची वरची बाजू हीच उत्तर धरतो. आम्ही वेगळं काही सांगितलंच नव्हतं. खरी उत्तर 27 अंश उजवीकडे होती.

मग कागदावर कोन मांडून बघितला. जी भिंत आम्ही पश्चिमेची समजत होतो, ती पश्चिमेच्या 27 अंश दक्षिणेकडे बघत होती. यंत्राने खोल्या तेवढ्याच उत्तरेकडे वळवल्या होत्या. म्हणजे जिला टाळण्यासाठी एवढा खटाटोप, त्या पश्चिमेसमोर आम्ही रुग्णांच्या खिडक्या नेमक्या समोरासमोर आणून ठेवल्या होत्या. आकडा इतका तंतोतंत जुळणं योगायोग होता. बाकी काहीच योगायोग नव्हतं. ती फाइल मीच आणली होती. तिन्ही रन एकमेकांशी जुळले याचा मला जो भरवसा वाटला होता, त्याचा अर्थ एवढाच होता की तिन्हींना एकच चुकीचा सूर्य मिळाला होता.

बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्युएलच्या चर्चसाठी वास्तुकार अंतोनी गौदींनी केलेलं दोऱ्यांचं प्रतिरूप त्या दुपारी सारखं डोळ्यांसमोर येत होतं. दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधायच्या, सगळं छताला उलटं टांगायचं, आणि दोऱ्या जो आकार घेतील त्याला उलटं करून कमानी काढायच्या. दहाएक वर्षं ते काम चाललं. तेही एका अर्थी हिशोब करणारं यंत्रच, पण त्यातलं गुरुत्वाकर्षण खरं होतं. खाली कुठे आहे ते दोरीला कुणी सांगावं लागत नव्हतं. आमच्या यंत्राकडे वर्षाच्या 8,760 तासांचं हवामान होतं, आणि सूर्य कुठल्या बाजूला हे मात्र आमच्या एका आकड्यावर अवलंबून होतं.

संध्याकाळी जागेवर गेले. होकायंत्र वापरलं नाही. आजूबाजूला लोखंड होतं, शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नसते. ट्रायपॉडवर काठी ओळंब्यात उभी केली, घड्याळातली वेळ लिहून घेतली, जुन्या भिंतीशी सावलीचा कोन मोजला आणि त्या मिनिटाच्या सूर्याच्या दिशेशी ताडून पाहिला. तीनदा मोजला. सुधारलेल्या फाइलशी एका अंशाच्या आत जुळला. आता प्रत्येक कामात पहिला रन लावण्याआधी मी ही सावली मोजते, इमारत कितीही लहान असो.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दात्यांचे प्रिंट बाजूला काढले आणि "पुन्हा लाव" एवढंच म्हणाले.

नव्या रनमध्ये खोल्या उलट बाजूला, दक्षिणेकडे वळल्या, 14 ते 18 अंश, आणि छज्जा पुढे आला. दक्षिणेकडचा सूर्य मावळतीच्या सूर्यापेक्षा उंच असतो, त्याला छज्जा पुरतो. एवढं ठीक. पण उत्तर टोकाच्या चार खोल्या हट्टाने दुसरीकडेच तोंड करून बसल्या होत्या. या वेळी मी कारण ठरवून टाकलं नाही. एकेक मोजमाप बंद करून 20 पिढ्यांचे छोटे रन लावले. ऊन बंद केलं, चौघी जागच्या जागी. चाल बंद केली, तरी तेच. उशी दिसण्याची अट काढली मात्र, आणि चौघी मुकाट बाकीच्यांच्या ओळीत आल्या. तिथे कॉरिडॉर वाकतो. खोल्या दक्षिणेकडे वळवल्या की स्वच्छतागृहाची भिंत मध्ये येते आणि स्टेशनवरून उशी दिसत नाही. दिसावी म्हणून त्या चार खोल्या जास्त ऊन सोसत होत्या. त्यांच्या खिडक्यांना आम्ही उभे फिन, म्हणजे ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या दिल्या.

पुढच्या बैठकीत सिस्टरांनी पहिलं बोट तिथेच ठेवलं. "आणि या चार उलट्या का?"

मी स्टेशनच्या खुर्चीपासून त्या चार उशांपर्यंत पेन्सिलीने चार रेघा ओढल्या. मग खोल्या इतरांसारख्या वळवल्या तर रेघ कुठे अडते, तेही काढून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मग औषधांचं कपाट इथे नको," त्या म्हणाल्या. "रात्री त्याचं दार उघडं असतं. तुमची ही तिसरी रेघ त्याच्यातून जाते."

मी कपाटाची जागा खोडली आणि त्यांना विचारलं, रात्री आणखी कोणकोणती दारं उघडी असतात.