कॅज्युअल्टीच्या अलीकडचे काम

आपत्कालीन वैद्यकशास्त्राला आपल्याकडे स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. तोवर कॅज्युअल्टीची ड्यूटी म्हणजे नव्या डॉक्टरच्या गळ्यात मारायचे काम, असाच समज होता. या विषयाकडे वळल्यावरही मी सोलापुरात बहुतेक वेळ रुग्णवाहिका आणि आपत्तीची पूर्वतयारी यांनाच दिला, याचे काही सहकाऱ्यांना अजूनही नवल वाटते.

मोठ्या दुर्घटनेत रुग्णालय अनेकदा खाटांपेक्षा रुग्ण येण्याच्या क्रमामुळे कोलमडते, असे माझे मत आहे. पुणे महामार्गावर बस उलटली, की चालते-बोलते जखमी मिळेल त्या जीपने किंवा टेम्पोने सर्वांत आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठतात. आणि पत्र्यात अडकलेला, पोटात रक्तस्राव होत असलेला माणूस बाहेर काढून आणेपर्यंत तिथे एकही ट्रॉली मोकळी उरलेली नसते.

त्यामुळे कोणाला आधी उपचार हवेत, ही वर्गवारी रंगीत पट्ट्या बांधून घटनास्थळीच व्हावी लागते. ‘ज्यांना चालता येते त्यांनी त्या लिंबाखाली जा,’ अशी एक हाक दिली, की हिरव्या पट्टीचे, म्हणजे थांबू शकणारे, लोक आपोआप वेगळे होतात. उरलेल्यांत श्वासाची गती मिनिटाला ३० च्या वर असेल, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा ‘मूठ आवळा’ एवढेही कळत नसेल, तर पट्टी लाल, म्हणजे उपचार सर्वांत आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही, त्याला काळी पट्टी बांधून पुढच्याकडे वळायचे असते. १०८ रुग्णवाहिका सेवेतील डॉक्टरांना हे शिकवताना सर्वाधिक वेळ याच एका पायरीला जातो, कारण शेजारी नातेवाईक उभे असतात आणि डॉक्टरचा हात तिथून निघत नाही.

पंढरपूरची आषाढी हा आमच्या जिल्ह्याचा खरा कस. तिथे नदीची पातळी केवळ उजनीवर ठरत नाही; वीर धरणातून सोडलेले पाणीही नीरेतून नरसिंहपूरला भीमेत मिळते, त्यामुळे दोन्हीकडचे विसर्ग माहीत असल्याशिवाय वाळवंटातील वैद्यकीय पथक कुठे बसवायचे, हे सांगता येत नाही. गर्दी दाटल्यावर रुग्णवाहिका तर इंचभरही सरकत नाही. नियोजनाच्या बैठकीत रुग्णवाहिकांचा आकडा मोठ्या कौतुकाने वाचला जातो. मी मात्र विचारते, की घाटावरून स्ट्रेचर कोण उचलणार आणि भरलेली गाडी कोणत्या रस्त्याने बाहेर पडणार.